मुद्देमालात गेलेला आवाज

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. वरसे हे माझं गाव रोह्याला अगदी खेटून आहे. बाजारहाटाला आम्ही रोह्यातच जातो. तिथे ओळखीतल्या एका मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. दुरुस्ती हा पाटीवरचा धंदा. खरी मिळकत होती मेमरी कार्ड भरून देण्याची. वीस रुपये द्यायचे, कार्ड त्याच्या हातात ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. तेवढ्या वेळात शे-दीडशे गाणी, एखाद-दुसरा सिनेमा आणि वर ‘काका, हीपण ऐकून बघा’ म्हणून एखादी कव्वाली कार्डात बसलेली असे. मिनीडोरचे चालक, धाटावच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार, कॉलेजची मुलं, सगळी त्याची गिऱ्हाइकं.

मीही त्याच्याकडे जायचो, पण माझं काम निराळं होतं. माझे मामू कुवेतला नोकरीला होते. ऐंशीच्या दशकात सुट्टीवर येताना त्यांनी टू-इन-वन आणला, त्याच्याबरोबर कोऱ्या कॅसेटी आणल्या. त्या कॅसेटींवर आम्ही काय काय भरून ठेवलं होतं! नात्यातल्या लग्नांत बायकांनी म्हटलेली गाणी, आसपासच्या वाड्यांवरचे बाल्या नाच, एका भजनीबुवांचं पहाटेपर्यंत चाललेलं भजन, माझ्या तरुणपणच्या दोन-तीन कविसंमेलनांचं ध्वनिमुद्रण. कोकणातल्या दमट हवेने फितींना बुरशी धरली होती. त्या मुलाने कुठूनसा एक जुना टेपरेकॉर्डर मिळवला, तो संगणकाला जोडला आणि महिनाभर खपून सगळं संगणकात उतरवून घेतलं. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. काही फिती तर ते एकदा वाजवल्या आणि तुटल्या. ‘काका, काम झालंय. मोठा पेन ड्राइव्ह घेऊन या, सगळं देतो,’ असं तो म्हणाला. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

आणि एक दिवस त्याच्या दुकानावर छापा पडला. एका नव्या चित्रपटाबद्दल तक्रार झाली होती. पंचनामा झाला, संगणक मुद्देमाल म्हणून जप्त झाला. त्या मुद्देमालात पायरसीचे सिनेमे होते, तसेच आमच्या भजनीबुवांचा आवाजही होता.

त्या मुलावर अन्याय झाला, असं सांगण्यासाठी मी बोलत नाही. तो दुसऱ्याच्या मालकीचे सिनेमे पैसे घेऊन विकत होता आणि ते त्याला ठाऊक होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. पायरसीवर हातोडा पडतो तेव्हा त्याखाली नेमकं काय काय सापडतं? चोरी थांबते का? आणि गाण्याच्या, सिनेमाच्या, पुस्तकाच्या प्रेमापोटी ज्यांनी काही जपून ठेवलेलं असतं, त्यांचं काय होतं?

लेखकाच्या खिशातला हात

आधी मालकाची बाजू, कारण अगदी छोट्या प्रमाणात मीही मालक आहे. माझ्या एका कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या. मराठीत कवितेच्या पुस्तकाचं हेच माप असतं. २०२० च्या टाळेबंदीत कुणीतरी त्या पुस्तकाच्या पानापानाचे फोटो काढून पीडीएफ बनवली आणि वाचनप्रेमींच्या एका व्हॉट्सअॅप गटात टाकली. तिथून ती दुसऱ्या गटात गेली, तिसऱ्यात गेली आणि फिरत फिरत मलाच आली! एका पानावर फोटो काढणाऱ्याचा अंगठाही दिसत होता. पहिल्या क्षणी मला आनंद झाला, हे कबूल करतो. इतकी माणसं आपली कविता वाचताहेत! दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा फोन आला. त्यांच्या गोदामात अजून गठ्ठे पडून होते. ते म्हणाले, ‘आता तुमचं पुढचं पुस्तक मी कोणत्या हिशेबाने काढू?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढे त्यातली एक कविता सुटी होऊन फिरू लागली. खाली माझं नाव नव्हतं, ‘अनामिक’ असं लिहिलेलं होतं. पैसे गेल्याचं मला फारसं वाटलं नव्हतं. नाव गेल्याचं वाटलं.

कवीचं हे, तर सिनेमावाल्याचं काय होत असेल? नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांत गर्दी उसळलेली असतानाच त्याची चोरटी प्रत मोबाइलवरून फिरू लागली, तक्रारी झाल्या. तरीही ‘सैराट’ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे आधीचे सगळे विक्रम मोडले. यावरून काही जण म्हणतात, ‘बघा, पायरसीने काही बिघडत नाही.’ हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्या सिनेमाचं तिकीट काढायला लोक रांगा लावतात, तो चोरी सोसून उभा राहतो. ज्याला जेमतेम दोन आठवडे आणि दुपारचा एक खेळ मिळतो, त्या छोट्या मराठी सिनेमाचे पाचशे प्रेक्षक घरी बसले तर निर्माता पुन्हा उभा राहत नाही.

कायद्याचे हात

कायदा या चोरीकडे कसा पाहतो? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार लेखकाच्या, कवीच्या, संगीतकाराच्या कृतीवरचा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. हा हक्क जाणूनबुजून मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ही कडक शिक्षा १९८४ च्या दुरुस्तीने आली. तेव्हा कॅसेटी आणि व्हिडिओ गावोगाव पोहोचले होते आणि चोरट्या नकलांचा धंदा तेजीत होता. म्हणजे मामूंचा टू-इन-वन आमच्या घरी आला, साधारण त्याच काळात कायद्याने कॅसेटीकडे डोळे वटारले!

महाराष्ट्राने यापुढची पायरी गाठली. आपल्याकडे १९८१ चा एक कायदा आहे. पोलिसांच्या भाषेत ‘एमपीडीए’, लोकांच्या भाषेत ‘झोपडपट्टीदादा कायदा’. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना खटल्याआधीच वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्याची त्यात सोय आहे. २००९ मध्ये या यादीत ‘व्हिडिओ पायरेट’ घातले गेले. पुढे वाळूतस्करही त्याच रांगेत आले. २०१७ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागात चित्रपटसृष्टीच्या सहकार्याने पायरसीविरोधी खास पथक सुरू झालं. केंद्राने २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटगृहात बसून चोरून चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड. जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने बारा अधिकारी नेमले आणि तक्रार आल्यावर ४८ तासांत चोरट्या प्रती इंटरनेटवरून हटवण्याचं काम त्यांच्याकडे दिलं.

म्हणजे कायदा कमी पडतो असं म्हणता येणार नाही. तरी नवा सिनेमा शुक्रवारी लागतो आणि शनिवारी फोनमध्ये येतो. असं का?

चाळणीतलं पाणी

याचं कारण फाइल ‘वाटली’ कशी जाते यात आहे. पूर्वी चोरट्या कॅसेटींचा एक कारखाना असे, एक गोदाम असे. तिथे छापा घातला की माल संपला. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘नॅपस्टर’ निघालं. त्यात गाणी कुणा एकाच्या गोदामात नव्हती, ती लाखो लोकांच्या संगणकांत होती. कुणाकडे काय आहे याची यादी मात्र नॅपस्टरकडे होती. न्यायालयाने त्या यादीवरच बोट ठेवलं आणि २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं.

पण त्याच वर्षी ‘बिटटोरंट’ नावाची नवी पद्धत आली. समजा, गावजेवणाची पंगत आहे. वाढपी एकच आहे, पण ज्याच्या पानात भात पडला त्याने शेजारच्याला वाढायचं, शेजारच्याने पुढच्याला. पंगत जेवढी मोठी तेवढे वाढपी जास्त. टोरंटमध्ये फाइलचे बारीक तुकडे करतात. ज्याच्याकडे जो तुकडा पोहोचला तो पुढच्याला देत राहतो. अशा पंगतीत पोलिसांनी कुणाचा हात धरायचा? एक संकेतस्थळ बंद केलं तर पंगतीचा पत्ता सांगणारी पाटी निघते, पंगत चालूच राहते. दुसऱ्या दिवशी दुसरी पाटी लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या पंगतीत बसलेला माणूस नुसता जेवत नसतो, नकळत वाढतही असतो. कायद्याच्या नजरेत तो वाटणाराही ठरतो. ‘मी तर फक्त घेतलं’ हा बचाव तिथे लंगडा पडतो.

उलट काही ठिकाणी गोदामच बंद केलं जातं, तेव्हा काय होतं तेही पाहू. ‘मेगाअपलोड’ नावाच्या संकेतस्थळावर लोक आपल्या फाइली ठेवत. त्यात चोरटे सिनेमे होते, तसे घरचे फोटो आणि कामाची कागदपत्रंही होती. १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकी सरकारने ते बंद केलं. ओहायो राज्यातला एक व्हिडिओ चित्रकार शाळांच्या खेळांचं चित्रण करत असे. त्याने स्वतः चित्रित केलेल्या फाइली तिथे होत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून तो न्यायालयात गेला. खटल्याचा घोळ चालू राहिला आणि २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कंपनीने आपल्याकडचे मेगाअपलोडचे ६३० सर्व्हर पुसून टाकले. त्यात किती लोकांच्या लग्नाचे फोटो होते, कोण जाणे!

दुसरं उदाहरण संगीतप्रेमींचं. ‘व्हॉट डॉट सीडी’ हा ऑनलाइन गट होता. आत येण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. दहा लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणांची तिथे यादी होती. कोणती आवृत्ती, कोणत्या सालची, ध्वनी किती शुद्ध, याची नोंद सभासद स्वतः करत. नोव्हेंबर २०१६ मध्ये फ्रान्समधल्या कारवाईनंतर हा गट बंद झाला. त्यातलं बरंच संगीत बेकायदा वाटलं जात होतं, यात शंका नाही. पण ज्या दुर्मीळ तबकड्या कोणतीही कंपनी विकत नव्हती, त्यांची नीट लावलेली यादीही त्याबरोबर गेली. चोरट्या प्रती चार दिवसांत दुसरीकडे दिसू लागतात. वर्षानुवर्षं जमवलेली माहिती आणि माणसं पुन्हा जमत नाहीत.

संशयिताच्या शेजारचं घर

आपल्याकडे तर कधी कधी संशयिताचं घर राहतं बाजूला आणि शेजाऱ्याच्या दाराला कुलूप लागतं. २०१२ मध्ये ‘३’ आणि ‘धम्मू’ या दोन दाक्षिणात्य चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिले. इंटरनेट कंपन्यांनी त्यांच्या आधारे अख्खीच्या अख्खी संकेतस्थळं बंद केली. हौशी चित्रकर्त्यांचं ‘विमिओ’ही त्यात सापडलं. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला, की बंदी चोरट्या प्रतींच्या नेमक्या दुव्यांवर आहे, सगळ्या संकेतस्थळावर नाही.

ऑगस्ट २०१७ मधली गोष्ट मराठी वाचकाला जास्त जवळची वाटेल. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे इंटरनेटवरचं मोठं मोफत ग्रंथालय आहे. मुदत संपलेली जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकांचे अंक, जुन्या तबकड्या तिथे पाहायला-ऐकायला मिळतात. आपल्याकडचे कितीतरी अभ्यासक आणि साधे वाचक रोज तिथे जातात. दोन हिंदी चित्रपटांच्या पायरसीसाठी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश निघाले. अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांच्या यादीत या ग्रंथालयाचंही नाव होतं. काही दिवस ते भारतात उघडेनासं झालं. शंभर वर्षांपूर्वीचं मासिक वाचायला बसलेल्या माणसाचा त्या चित्रपटांशी काय संबंध? यादी तयार करताना ती कुणी नीट तपासली नव्हती, एवढंच त्याचं उत्तर.

तपासायची कशी, हे त्याच्या वर्षभर आधीच आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने दाखवून दिलं होतं. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटासाठी निर्माते न्यायालयात आले. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळं बंद करायला नकार दिला. प्रत्येक दुवा तपासा, खात्री करा, मगच मागा, असं त्यांनी सांगितलं. मग तपासलेल्या दुव्यांपुरता, ठरावीक मुदतीचा आदेश दिला. ज्याच्यावर चुकून कारवाई होईल त्याला दाद कुठे मागायची, हे बंदीच्या सूचनेत लिहायला लावलं. त्या काळी बंद दुवा उघडला की ‘हे पाहणंसुद्धा शिक्षापात्र गुन्हा आहे’ अशा अर्थाची धमकी दिसे. नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखालचा गुन्हा नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. चोराला पकडावं, पण वाटेत भेटेल त्याच्या पाठीत दंडुका घालू नये, एवढाच याचा अर्थ.

जपणारे हात

पण हे चाहते मुळात करतात तरी काय? नुसतं फुकट घेतात का? काही जण तेवढंच करतात. पण सगळे नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पण तोपर्यंत बरंच गेलं होतं. मालकी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनीच ते जपलं नव्हतं. तबकड्यांचं तसंच. मुंबईत १९९० मध्ये रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी स्थापन झाली. चोरबाजारात, रद्दीत, पडक्या वाड्यांच्या माळ्यावर सापडलेल्या तबकड्या जमवून या मंडळींनी त्यांच्या सूच्या केल्या, ऐकण्याच्या बैठका घेतल्या. कंपन्यांनी ज्याला अडगळ मानलं त्याला चाहत्यांनी ठेवा मानलं.

आकाशवाणीवरून बोलतोय म्हणून आणखी एक आठवण. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित होत होतं. तेव्हा घराघरांत माणसं वही-पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसत आणि गाणं उतरवून घेत. मग ती वही शेजारी जाई, माहेरी जाई. आजच्या भाषेत ते ‘शेअरिंग’च होतं! त्या वह्यांनी गदिमांचं काही हिरावून घेतलं नाही. फरक एवढाच, की वहीची दुसरी वही व्हायला रात्र लागे. आज एका बोटाने दहा हजार प्रती होतात. प्रेम तेच आहे, त्याचा परिणाम मात्र दहा हजारपट झाला आहे. हे आपण चाहत्यांनीही ओळखलं पाहिजे.

बंदीने काय साधलं?

बंदी घालून रसिक वळत नाही, याचा धडा आकाशवाणीनेच फार पूर्वी घेतला आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताची आस्था होती, चित्रपटगीतं मात्र हलकी वाटत. गीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास नाहीशी झाली. मग लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सरकवली आणि सिलोन लावलं! अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला गल्लोगल्ली माणसं गोळा होऊ लागली. गावोगाव श्रोतेसंघ निघाले. त्यांना परत आणलं ते बंदीने नव्हे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, जे लोकांना हवं होतं ते घरच्या केंद्रावर मिळू लागलं, आणि सुई हळूहळू परत फिरली.

आमच्या बाजारातही तेच झालं. मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं काही छाप्यांनी संपली नाहीत. एकावर छापा पडला की दुसरा चार दिवस शटर अर्धं ओढून बसे, एवढंच. ती संपली ती २०१६ नंतर, इंटरनेट स्वस्त झाल्यावर. बरीच जुनी-नवी गाणी कंपन्यांनीच यूट्यूबवर ठेवली. जे फुकटात किंवा थोड्या पैशांत सरळ मार्गाने मिळतं, त्यासाठी वीस रुपये देऊन कार्ड कोण भरून घेईल? जिथे सरळ मार्ग महाग आहे, किंवा एक सिनेमा या कंपनीकडे, दुसरा त्या कंपनीकडे, तिसरा कुठेच नाही अशी स्थिती आहे, तिथे आजही टेलिग्रामवरच्या चोरट्या गटांची चलती आहे.

मग आपण काय करावं?

मी कायद्याचा पंडित नाही. पण हात भाजल्यावर मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. कोणतीही फाइल पुढे पाठवण्याआधी ते विचारतो.

पहिला, हे आज सरळ मार्गाने मिळतं का? नवा सिनेमा, दुकानात असलेलं पुस्तक मिळत असेल तर तिथे आपल्या प्रेमाची परीक्षा खिशातूनच व्हायला हवी. पुस्तक आवडलं तर दोन ओळी उद्धृत करा, परीक्षण लिहा, ग्रंथालयाला मागणी द्या. अभ्यासासाठी, समीक्षेसाठी मर्यादित उतारा घ्यायला कायदाही आडकाठी करत नाही.

दुसरा, मुदत संपली आहे का? साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं झालं. ‘श्यामची आई’ कुणीही छापावी, कुणीही वाटावी. बालकवी, केशवसुत तर केव्हाच मुक्त झाले. गाण्यांत मात्र गुंता असतो. तबकडीची साठ वर्षं संपली तरी गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा चालू असतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे.

तिसरा प्रश्न, नाव आहे का? कविता पुढे पाठवायचीच असेल तर कवीचं नाव खोडू नका. माहीत नसेल तर शोधा. ज्याच्या कवितेखाली ‘अनामिक’ लिहिलं गेलं, त्याचं हे सांगणं आहे.

आणि ज्या गोष्टी कुणीच विकत नाही, ज्यांचा मालक शोधूनही सापडत नाही, त्यांचं काय? आमच्या बाल्या नाचाच्या कॅसेटी, बंद पडलेल्या छोट्या कंपन्यांची कोळीगीतं, गावातल्या कीर्तनकारांची ध्वनिमुद्रणं. इथे कायद्याने जपणाऱ्याला जागा करून द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी असे संग्रह ताब्यात घेऊन नोंदी कराव्यात. छापा घालावा लागला तरी संगणकात वादाचं काय आणि बिनवादाचं काय, हे लवकर वेगळं करावं. जप्त मुद्देमाल परत मिळण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. मलाही नव्हतं. आणि माझी स्वतःची चूकही मी लपवत नाही. एक पेन ड्राइव्ह घेऊन वेळेवर गेलो असतो तर? जे मोलाचं आहे त्याची एकच प्रत, तीही दुसऱ्याच्या दुकानात, कधी ठेवू नये.

त्या मुलाने दुकान बंद केलं. आता तो पनवेलला नोकरी करतो. तीन पावसाळे उलटल्यावर त्याला संगणक परत मिळाला. त्याने मला आठवणीने फोन केला, मी धावत गेलो. पण हार्ड डिस्क काही सुरू झाली नाही. दोन ठिकाणी दाखवली, कुणालाही त्यातलं काही काढता आलं नाही.

गेल्या वर्षी त्या भजनीबुवांचा नातू माझ्या घरी आला होता. बुवांना जाऊन बरीच वर्षं झाली. नातवाने त्यांना पाहिलेलं आहे, पण गाताना ऐकलेलं नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की वरशातल्या कवीकाकांकडे आजोबांची कॅसेट आहे. चहा झाल्यावर त्याने चाचरत विचारलं, ‘काका, आजोबांचा आवाज आहे ना तुमच्याकडे?’

मी त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि निघताना म्हणाला, ‘दुसऱ्या कुणाकडे असेल का हो?’

वाचकहो, तुमच्या माळ्यावर एखादा कॅसेटींचा खोका असेल तर येत्या रविवारी तो खाली काढा.